आकडा समोर आला की आधी विचारा : कितींपैकी, कुणी मोजलं आणि कोण सुटलं?

मागच्या महिन्यात रविवारची वंदना झाल्यावर विहारात काही तरुण मुलं-मुली गप्पा मारत बसली होती. एकाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "ताई, हे बघा. महाराष्ट्रात बौद्ध घटले. ६.०३ टक्क्यांवरून ५.८१ टक्क्यांवर आले. आपले लोक धम्म सोडतायत." दुसरा लगेच उसळला. "काहीही! उलट सात लाखांनी वाढलेत. माझ्याकडे पण मेसेज आहे." दोघांची चांगलीच जुंपली. बाकीच्यांनी आपापली बाजू घेतली आणि अर्धा तास कुणी कुणाचं ऐकलं नाही.

गंमत म्हणजे दोघांचेही आकडे खरे होते, आणि एकाच जनगणनेतून आलेले होते.

२००१ मध्ये महाराष्ट्रात ५८,३८,७१० बौद्ध नोंदले गेले, २०११ मध्ये ६५,३१,२००. म्हणजे दहा वर्षांत ६,९२,४९० ने वाढ, साधारण १२ टक्के. पण त्याच काळात राज्याची एकूण लोकसंख्या ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली, म्हणजे १६ टक्क्यांनी वाढली. आपण वाढलो, पण राज्यापेक्षा कमी वेगाने. त्यामुळे संख्या वाढली आणि वाटा घटला. यात भांडण्यासारखं काही नव्हतंच. आणि "धम्म सोडतायत" हे वाक्य तर दोन्हींपैकी कुठल्याच आकड्यात नव्हतं. ते मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने जोडलं होतं. कमी वेगामागे कुटुंबं लहान होणं असेल, स्थलांतर असेल, नोंदीतली गडबड असेल. त्यातलं कोणतं, हे त्या एका टक्क्यावरून कळत नाही.

त्या दिवसापासून आम्ही विहारात दर पंधरा दिवसांनी तासभर बसून एकेक आकडा सोलतो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते. यासाठी गणितात हुशार असावं लागत नाही. सातवीची टक्केवारी यावी लागते आणि प्रश्न विचारायची सवय लागते.

पहिला प्रश्न : कितींपैकी?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे आहेत. राज्यांची यादी पाहिली तर उत्तर प्रदेश पहिला, १५,३६८ गुन्हे. राजस्थानात ८,७५२. बातमीचा मथळा ठरलेला असतो : "दलित अत्याचारांत उत्तर प्रदेश अव्वल."

आता विचारा, कितींपैकी? २०११ च्या जनगणनेनुसार उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे ४ कोटी १४ लाख आहे, राजस्थानात सुमारे १ कोटी २२ लाख. दर एक लाख लोकांमागे काढलं तर उत्तर प्रदेशात ३७ गुन्हे येतात आणि राजस्थानात जवळपास ७२. म्हणजे लोकसंख्येच्या मानाने राजस्थानचा आकडा दुपटीच्या घरात आहे, आणि मथळ्यात त्याचं नावही नसतं.

बाबासाहेबांनी हीच पद्धत वापरलेली दिसते. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी एकूण रकमेवर समाधान मानलं नाही. ती रक्कम माणशी किती पडते ते काढलं. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं, ही तुलना त्यांनी सभागृहापुढे ठेवली. त्यांच्या भाषणांचा जोर आपण सांगतो, पण त्या जोराखाली असं दरडोई हिशेबाचं पक्कं जोतं असायचं, हे सांगायला विसरतो.

"कितींपैकी" या प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे त्या "कितीं"मध्ये कोण धरलंय. २०११ मध्ये देशातल्या बौद्धांचा साक्षरता दर ८१.३ टक्के होता, एकूण देशाचा ७३ टक्के. आपण हा आकडा अभिमानाने सांगतो, सांगावाच. पण हा दर सात वर्षं आणि त्यापुढच्या लोकांचा आहे, आणि जनगणनेत साक्षर म्हणजे कुठल्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येणारी व्यक्ती. शाळेत न गेलेली आजी प्रौढ वर्गात वाचायला शिकली तर तीही साक्षर, आणि एमए झालेली तिची नातही साक्षर. "आपले ८१ टक्के लोक शिकलेले" असं भाषणात म्हणणं वेगळं आणि चुकीचं. किती जण बारावीपुढे गेले, हा निराळा रकाना आहे. तो आपण फारसा उघडत नाही.

दुसरा प्रश्न : कुणी मोजलं, कुठे मोजलं?

वरचे अत्याचाराचे आकडे म्हणजे घडलेले अत्याचार नव्हेत. ते पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे आहेत. ज्या कार्यकर्त्याने एखाद्या पीडित कुटुंबासोबत ठाण्याच्या बाकड्यावर रात्र काढली आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तक्रार घेतली गेली का, घेतली तर ॲट्रॉसिटीची कलमं लावली का, यावर तो आकडा ठरतो. शिवाय एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर या अहवालात मुख्य, म्हणजे सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो.

म्हणून एखाद्या जिल्ह्यात गुन्हे वाढलेले दिसले तर दोन शक्यता असतात. अत्याचार वाढले असतील, किंवा लोक निर्भयपणे तक्रार करू लागले असतील. आणि कमी दिसले तर शांतता असेल किंवा दहशत असेल. आकडा हा प्रश्नाची सुरुवात असतो. उत्तरासाठी गावात जावं लागतं.

आपल्याच जनगणनेतलं आणखी एक उदाहरण घ्या. कर्नाटकात २००१ मध्ये ३,९३,३०० बौद्ध होते, २०११ मध्ये ९५,७१०. दहा वर्षांत तीन चतुर्थांशाहून जास्त घट. इतकी माणसं मृत्यूने नाहीशी होत नाहीत. लोकांनी स्वतःची ओळख काय सांगितली आणि प्रगणकाने काय लिहिलं, याकडे हा आकडा बोट दाखवतो.

उलट दिशेचं उदाहरण आपल्याला पाठ असायला हवं. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्ध होते २,४८७. १९६१ मध्ये २७,८९,५०१. मधे १४ ऑक्टोबर १९५६ आहे. दीक्षाभूमीवर जे घडलं, ते पुढे घराघरांत लोकांनी प्रगणकाला छातीठोकपणे सांगितलं, म्हणून ते कागदावर आलं. लोक बोलले नसते तर तेवढी मोठी क्रांती सरकारी तक्त्यात एका रकान्यापुरतीही दिसली नसती.

तिसरा प्रश्न : सरासरी कुणाची?

हा प्रश्न थेट आपल्या खिशाशी जोडलेला आहे. आमच्या गटातल्या एका मुलाने इंजिनिअरिंग कॉलेजची जाहिरात आणली होती. "सरासरी पगार महिना २८,५००." आम्ही फळ्यावर मांडून पाहिलं. दहा मुलांपैकी नऊ जणांना १५,००० मिळाले आणि एकाला दीड लाख, तर सरासरी बरोबर २८,५०० येते. त्या पगाराचा मात्र दहांत एकही नाही. अशा वेळी मध्यक विचारायचा : सगळे पगार लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावले तर बरोबर मधल्या मुलाला किती? इथे उत्तर १५,००० आहे. शिवाय "कितींपैकी" आहेच. सरासरी नोकरी लागलेल्यांची काढलीय की पास झालेल्या सगळ्यांची? कर्ज काढून मुलाला घालणाऱ्या बापाने हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

कर्जाचंही तसंच. वस्तीतल्या बायका छोट्या कर्ज कंपन्यांकडून पैसे घेतात तेव्हा त्यांना सांगितलं जातं, "फक्त १२ टक्के, फ्लॅट." ३०,००० रुपयांवर वर्षाचं व्याज ३,६००, बारा हप्ते, प्रत्येकी २,८००. ऐकायला सरळ. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ३०,००० वरच धरलं जातं. सहाव्या हप्त्यानंतर तुमच्याकडे निम्मंच मुद्दल उरलेलं असतं. घटत्या शिल्लकेवर हिशेब केला तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेच्या १५ टक्क्यांच्या कर्जाला महाग म्हणून सोडून हे "स्वस्त" कर्ज घेणाऱ्या मावश्या मी पाहिल्या आहेत. एकच प्रश्न शिकवा : "दर फ्लॅट आहे की घटत्या शिल्लकेवर?"

जनगणनेत आपले दोन रकाने

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख महाराष्ट्रासह देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ आहे. ही गणना मोबाइल ॲपवर होणार आहे, स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय असणार आहे आणि यावेळी सगळ्यांचीच जात नोंदवली जाणार आहे.

इथे आपल्याकडे गोंधळ होतो, कारण धर्म आणि जात हे दोन वेगळे रकाने आहेत. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. पण तो दर्जा आदेशाच्या यादीतल्या जातीच्या नावावर मिळतो, आणि त्या यादीत "बौद्ध" किंवा "नवबौद्ध" हे नाव नाही. राज्य सरकारच्या योजनांमध्ये "अनुसूचित जाती व नवबौद्ध" असा शब्दप्रयोग असतो, त्यामुळे अनेकांना वाटतं की तेवढं लिहिलं की झालं.

परिणाम आकड्यांत पाहा. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५,३१,२०० बौद्ध होते. त्यातले अनुसूचित जातीत ५२,०४,२८४. उरलेले सुमारे १३ लाख अनुसूचित जातीत मोजले गेले नाहीत. त्यात काही मूळचे इतर समाजांतले असतील, थोडे आदिवासी असतील. पण जातीच्या रकान्यात "बौद्ध" लिहून बाहेर राहिलेली घरं माझ्या स्वतःच्या नात्यात आहेत. दुसरीकडे, धर्माच्या रकान्यात प्रगणकाने न विचारता "हिंदू" लिहून टाकलं आणि घरच्यांना पत्ताच नाही, असंही घडतं. तेव्हा बौद्धांच्या आकड्यातून आपण गळतो.

आणखी एक आकडा यात भर घालतो. २००१ ते २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, पण अनुसूचित जातींची ९८.८ लाखांवरून १ कोटी ३२.८ लाखांवर, म्हणजे ३४ टक्क्यांनी. केवळ जन्मांनी असं होत नाही. पूर्वी सुटलेले लोक नंतर नोंदले गेल्याची ही खूण आहे, असं मला वाटतं. याचा अर्थ पहिल्या वेळी किती सुटले होते, याचा अंदाज करा. विधानसभेच्या २८८ पैकी २९ राखीव जागा २००१ च्या आकड्यांवर ठरलेल्या आहेत. अनुसूचित जाती घटकासाठी अर्थसंकल्पात किती तरतूद व्हावी, हाही लोकसंख्येच्या प्रमाणाचाच प्रश्न आहे.

आपल्यात यावर मतभेद आहेत, आणि ते प्रामाणिक आहेत. "धम्म घेतला तेव्हा जात सोडली, मग पुन्हा ती का लिहायची?" असं विचारणारे ज्येष्ठ माझ्या विहारात आहेत, आणि त्या प्रश्नातली वेदना मला समजते. माझं मत असं आहे : धर्माचा रकाना आपण काय झालो हे सांगतो, जातीचा रकाना आपल्यावर काय लादलं गेलं त्याची नोंद करतो. दुसरी नोंद पुसली तर अन्याय पुसला जात नाही, फक्त त्याचा पुरावा जातो. तुम्हाला हे पटलं नाही तरी चालेल. पण जे लिहाल ते परिणाम माहीत करून घेऊन लिहा, आणि प्रगणकाने काय भरलं ते वाचून दाखवायला सांगा. तुम्ही सांगाल तेच त्याने नोंदवायचं असतं, आणि जनगणना कायदा, १९४८ नुसार तुमची वैयक्तिक माहिती गोपनीय राहते.

आपणच मोजू लागलो तर

दुसऱ्याचा आकडा तपासणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे स्वतः मोजणं.

मी काम करते त्या एका वस्तीत चार गल्ल्या आहेत. पाण्याची तक्रार जुनी. मोर्चा झाला, निवेदनं झाली. दर वेळी पाणीपुरवठ्याचे साहेब सांगायचे, "तुमच्या भागाला रोज दोन तास पाणी सोडतो. रजिस्टरला आहे." आम्ही ओरडायचो, "येतच नाही!" दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम.

मग दहा-बारा मुलींनी एकवीस दिवस वही ठेवली. प्रत्येक गल्लीतल्या ठरलेल्या एका नळाला पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांनी बेरीज केली. पहिल्या गल्लीत रोज सरासरी १०० मिनिटं, दुसरीत ७०, तिसरीत ४५ आणि चौथीत २५. चौथ्या गल्लीत एकवीसपैकी सहा दिवस पाण्याचा थेंब नाही. चारही गल्ल्यांची मिळून सरासरी एक तास. साहेबांचं रजिस्टर खोटं नव्हतं. ते टाकीच्या व्हॉल्व्हवर मोजत होते, आम्ही नळावर मोजलं. दोन मोजण्यांमधला फरक म्हणजेच आमची तक्रार होती.

तो एक पानाचा तक्ता घेऊन गेलो तेव्हा पहिल्यांदा साहेबांनी खुर्ची दिली. पाहणी झाली, शेवटच्या टप्प्यातली जुनी लाइन गंजून बुजलेली निघाली. ती बदलायला चार महिने लागले, पण बदलली.

याच वहीतून आमच्यावर एक गोष्ट उलटली. पहिल्या गल्लीत ज्या दिवशी वीज नव्हती, त्या दिवशी तिसऱ्या आणि चौथ्या गल्लीत पाणी जास्त वेळ आलं होतं. पुढच्या गल्लीतल्या काही घरांनी थेट लाइनला मोटारी लावल्या होत्या. घरं आपलीच, त्यातलं एक मंडळाच्या पदाधिकाऱ्याचं. "हे पान काढून टाका, बदनामी होईल," असं आम्हाला सांगण्यात आलं. मुलींनी पान काढलं नाही. बैठक झाली, वादावादी झाली, एक जण अजून आमच्याशी बोलत नाही. पण मोटारी निघाल्या. सरकारला जो आकडा दाखवतो तो आपल्यालाही दाखवायची तयारी नसेल, तर आपल्या तक्त्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

मोजताना हे जपा

आधी प्रश्न ठरवा, मग रकाने आखा. "वस्तीचा सर्व्हे करू" म्हणून चाळीस प्रश्नांचा फॉर्म छापला जातो आणि त्याचे गठ्ठे विहाराच्या कपाटात पडून राहतात. "दहावीतल्या किती मुलांकडे जातीचा दाखला आहे?" एवढा एकच प्रश्न घेतलात तरी दोन रविवारांत काम होईल, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपण्याआधी दाखले काढता येतील.

सुटलेल्यांना शोधा. दुपारी गेलात तर कामावर गेलेली घरं सुटतात. पुरुषांनाच विचारलंत तर बायकांचं दुखणं सुटतं. भाडेकरू आणि एकट्या राहणाऱ्या बाया जवळजवळ नेहमीच सुटतात.

लोकांची माहिती म्हणजे त्यांची अब्रू आहे. आधार क्रमांक, आजार, कर्ज, फोन नंबर गरज नसताना घेऊ नका. घेतलेत तर ती यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका.

सरकारकडे असलेली माहिती आधी मागा. प्रत्येक जिल्ह्याचं "सामाजिक व आर्थिक समालोचन" निघतं, जनगणनेचे गावनिहाय तक्ते मिळतात, शाळांची माहिती यूडायसवर असते. जे मिळत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार, २००५ आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. फक्त "सर्व माहिती द्या" असं लिहू नका. वर्ष, योजना आणि रकाने नेमके मागा : मंजूर किती, खर्च किती, लाभार्थी किती.

विहारात भांडलेल्या त्या दोन मुलांनी आता एक काम घेतलंय. वस्तीतल्या प्रत्येक घरात जाऊन ते जनगणनेचे दोन रकाने समजावून सांगतात. काय लिहायचं ते सांगत नाहीत, काय लिहिलं तर काय होतं ते सांगतात. आतापर्यंत ११२ पैकी ६३ घरं झाली आहेत. परवा त्यातला एक म्हणाला, "ताई, निम्म्याहून जास्त झाली." दुसऱ्याने लगेच विचारलं, "पण चौथ्या गल्लीतली किती?"

तुमच्या वस्तीतली चौथी गल्ली कोणती, ते शोधा. मोजायला तिथूनच सुरुवात करा.

जय भीम.